पोटखराब्यावरचा वारा

सज्जनगडाचा फाटा मागे पडला की रस्ता चढायला लागतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. खाली साताऱ्यात अंगाची काहिली होत होती, म्हणून ठोसेघर ओलांडून पठारावर येताच मी गाडीची काच खाली केली. मांडीवरचे कागद पुढच्याच क्षणी मागच्या सीटवर जाऊन पडले. “ताई, चाळकेवाडीत कागद हातात धरायचा नसतो,” गाडीवाला म्हणाला.

समोर नजर जाईल तिथवर पवनचक्क्या होत्या. काही फिरत होत्या, काही थांबलेल्या. एकीचं पातं उतरवून खाली ठेवलेलं होतं. पवनचक्की हा शब्द इथं फलकांवर आणि शाळेच्या पुस्तकात सापडतो. माणसांच्या तोंडी सरळ ‘पंखा’ असतो. पत्ता विचारला तरी “तिसऱ्या पंख्यापाशी डावीकडं वळा” असं उत्तर येतं.

संपादकांनी विषय दिला होता तो स्वच्छ ऊर्जेच्या न दिसणाऱ्या किमतीचा. या विषयावर लिहायचं तर काँगोतल्या कोबाल्टच्या खाणी, चीनमधल्या बाओटोची दुर्मीळ मृदा, इक्वेडोरच्या जंगलातून पात्यांच्या गाभ्यासाठी तोडलं जाणारं बाल्साचं लाकूड अशी यादी तयार असते. ती खोटी नाही. पण लांबच्या खाणीबद्दल हळहळणं फार स्वस्त पडतं. आपल्याला तिथं काही करावं लागत नाही. म्हणून मी जिथं एसटी जाते तिथंच जायचं ठरवलं.

पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून जुना सातबारा काढून दाखवला. घड्यांवर फाटलेला. त्यातल्या एका रकान्यावर त्याने बोट ठेवलं. “ह्ये बघा. पोटखराब. सरकारनंच लिवलंय खराब, मग घेनारा कशाला जास्त दील?”

या लेखाला जो धागा हवा होता तो त्या रकान्यात मिळाला.

खराब म्हणजे काय

ज्यांनी सातबारा फक्त कर्जासाठी पाहिला असेल त्यांच्यासाठी सांगते. गटातलं जे क्षेत्र नांगराखाली येत नाही ते पोटखराबात जातं. त्यावर शेतसारा आकारत नाहीत. महसुलाच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचं आहे. ज्यातून पीक नाही, त्यावर कर कशाला? घोटाळा होतो तो पुढे. कर लावण्यापुरता केलेला हा भेद हळूहळू जमिनीचं वर्णन होऊन बसतो. नांगर चालत नाही म्हणजे तिथं काहीच नाही, असं सगळेच धरून चालतात.

इथली पठारं म्हणजे काळ्या पाषाणावर चढलेलं जांभ्याचं झाकण. माती बोटभर, कुठं वीतभर, कुठं तीही नाही. झाडं धरत नाहीत, कारण मुळाला जागा नाही आणि वारा उभं राहू देत नाही. पण पाऊस पडला की याच झाकणावरच्या खळग्यांत पाणी साचतं, चार महिने टिकतं, भेगांतून झिरपतं आणि कड्याखालच्या वाड्यांना झऱ्याच्या रूपाने मिळतं. मी भाद्रपदात दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या उथळ डबक्यांतून वायतुऱ्याचे दुहेरी तुरे वर आलेले होते. शास्त्रीय नावातच सातारा असलेली ही वनस्पती जगात या भागापुरतीच उरली आहे. शेजारी गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांची जांभळी झाक, आणि चिखलाशी चिकटून बसलेलं कीटक खाणारं दवबिंदू.

हीच झाडोरा-संपत्ती पाहायला लोक कासला तिकीट काढून रांगेत उभे राहतात. कासचं पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. चाळकेवाडी त्याच डोंगररांगेत, तशाच जांभ्यावर आहे. फरक एवढाच, की इथं फुलांच्या मधोमध काँक्रीटचा चौथरा आहे आणि त्यावर ‘धोका’ लिहिलेली लाल कवटी.

गवळी धनगरांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या पठारांवर चरल्या. त्यांच्यासाठी हे रान होतं, खराबा नव्हता. पण त्यांच्या वापराला कुठलाच कागद नव्हता, आणि ज्याला कागद नाही तो व्यवहाराच्या वेळी समोर बसत नाही.

मार्चएंडचा वारा

पवनचक्क्या इथं नव्वदच्या दशकात यायला लागल्या. का आल्या, याचं अर्धं उत्तर हवेत आहे आणि अर्धं आयकर कायद्यात.

हवेतलं आधी. अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो आणि माथ्यावरून जाताना दाबला जाऊन वेग घेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे चार-दोन किलोमीटर अलीकडे-पलीकडे सरकलं तरी हिशेब बदलतो आणि सगळ्यांना नेमका कडाच हवा असतो. आषाढ-श्रावणात पाती दिवसरात्र फिरतात. हिवाळ्यात त्याच पवनचक्क्या दिवसचे दिवस उभ्या दिसतात. पाती फिरली की आतल्या गिअरबॉक्समधून जनित्र फिरतं, वीज पायथ्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरते, तिथून दाब वाढवून उपकेंद्राकडे आणि पुढं घाट उतरून खाली. ज्या वस्तीवर मी चहा प्यायले तिथं दुपारी लाईट नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. जाळं असंच चालतं. पंख्याची तार पंख्याखालच्या घरात जात नाही. पण दृश्य म्हणून ते विसरता येत नाही.

आता आयकर. त्या काळात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असे. सूत, औषधं, सिमेंट, कशातही नफा झालेल्या कंपनीने मार्च संपायच्या आत पवनचक्की उभी केली, की तिची सगळी किंमत त्या वर्षीच्या नफ्यातून वजा. वीज किती निघाली याच्याशी सवलतीचा संबंध नव्हता. त्यामुळे साताऱ्याच्या पठारांवर कितीतरी अशा मालकांचे पंखे उभे राहिले ज्यांनी हे पठार कधी पाहिलंही नसेल. पलीकडे पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याचा पवनऊर्जा प्रकल्प एकेकाळी आशियातल्या मोठ्या प्रकल्पांत गणला जायचा. तिथल्या बहुतेक चक्क्या साडेतीनशे किलोवॅटच्या, आजच्या मानाने बुटक्याच.

जमिनी त्याआधीच दलालांमार्फत फिरल्या होत्या. वर पोटखराब, खाली गरजू घर. भाव काय ठरणार ते सांगायला नको. नंतर लोकांच्या लक्षात आलं आणि श्रमिक मुक्ती दलाने डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली पवनचक्कीग्रस्तांचा लढा उभा केला. धरणग्रस्त हा शब्द महाराष्ट्राला माहीत होता; पवनचक्कीग्रस्त हा नवा होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा गावोगाव बोलली जायची, आजही बोलतात: पंख्यांमुळे पाऊस पळतो. कोरड्या वर्षांत यावरून लोक चिडले होते. शास्त्राच्या कसोटीला हे टिकत नाही. पाऊस देणारी यंत्रणा शेकडो किलोमीटर पसरलेली असते. डोंगरावरची पाती तिला हाकलू शकत नाहीत. तरीही मी हा समज हसण्यावारी नेणार नाही. श्रावणात या पठारावर ढग खरोखर जमिनीवर उतरतात आणि पाती ते कापताना डोळ्यांना दिसतात. शिवाय ज्याची जमीन गेली, ज्याला कुणी काही विचारलं नाही, तो माणूस आपल्या नुकसानीला जे कारण हाताशी असेल ते लावणार. नुकसान खरं होतं. कारण चुकीचं सांगितलं गेलं, एवढंच.

गळ्याखालचा पंखा

मे अखेरीला मी गेले त्याला कारण होतं. पहिल्या पावसाआधीचे हे दिवस इथल्या सरड्यांच्या विणीचे. एका दगडावर हाताच्या पंजाएवढा, मातकट, लक्षातही येऊ नये असा प्राणी बसला होता. मी चवड्यांवर बसले. दोनेक मिनिटांनी त्याने मान वर केली आणि गळ्याखालची कातडी एखाद्या जपानी पंख्यासारखी उघडली. चकचकीत निळा, मग काळा, मग नारिंगी. मिटली. पुन्हा उघडली. मागे साठ-सत्तर मीटर उंचीवर दुसरा पंखा संथपणे फिरत होता.

या सरड्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली ती अगदी अलीकडे, २०१६ साली, आणि तीही याच चाळकेवाडीच्या पठारावरून. संशोधकांनी त्याच्या प्रजातीचं (genus) नावच ‘सरडा’ ठेवलं. जगभरच्या जीवशास्त्राच्या नोंदीत आता ‘सरडा सुपर्बा’ असं नाव आहे, पहिला शब्द आपला, दुसरा लॅटिन. म्हणजे पवनचक्क्या आल्या तेव्हा शास्त्राच्या लेखी हा प्राणी वेगळा अस्तित्वातच नव्हता. मग त्याचं काय होईल हे कोण विचारणार?

विचारलं ते नंतर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे, हर्षल भोसले यांनी पठाराचे दोन भाग तुलनेला घेतले: पवनचक्क्या असलेला आणि नसलेला. दोन्हीकडे जमीन तीच, झाडोरा तसाच. ठरावीक वाटांनी चालत त्यांनी पक्षी मोजले, सरडे मोजले. सरडा पकडून लगेच रक्ताचा थेंब घेतला, कारण वेळ गेला तर पकडल्याचीच भीती रक्तात उतरते. आणि एक साधी युक्ती: सरड्याच्या दिशेने चालत जायचं आणि तो पळतो तेव्हा अंतर किती उरलं ते मोजायचं.

२०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. उलट सरडे पवनचक्क्यांखाली जास्त दाट होते. वरवर पाहता सरड्यांची चंगळच. पण हे सरडे बारीक होते; एवढ्या तोंडांना किडे पुरत नसणार. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं. माणूस कितीतरी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. आणि नरांच्या गळ्याखालचे रंग फिके पडले होते.

घारीची भीती गेली आणि सरड्याचा रंग उडाला, असं हे वाटेवरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. पण साखळी अशीच असते. निबंधात म्हटलंय की पवनचक्की जणू सगळ्या शिकाऱ्यांच्या वरची शिकारी होऊन बसते. ती खात कुणालाच नाही, पण तिच्यामुळे खाणारे निघून जातात.

म्हणजे मुख्यतः पक्षी ती जागाच टाळतात. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं: कंपनीला कडा हवा असतो तो ज्या वाऱ्यासाठी, त्याच वाऱ्यासाठी घारीलाही तो हवा असतो. कापशी घार हवेत एका जागी थरथरत उभी राहून खालचं गवत निरखते, ती या कड्यावरून वर चढणाऱ्या हवेवर. झाडं न वाढण्यालाही हाच वारा कारण आणि उघडं रान सरड्याला मानवतं म्हणून सरडाही इथंच. एकाच वाऱ्यावर सगळ्यांचं घर आहे. जागा जितकी पवनचक्कीला उत्तम, तितकी ती बहुधा आधीच कुणाची तरी असते.

राजस्थानात हीच गोष्ट माळढोकाच्या बाबतीत फार क्रूरपणे घडली. जड शरीर, समोरचं कमी दिसणारे डोळे, आणि वाळवंटातल्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांशी टक्कर. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, आणि २०२४ मध्ये तो आदेश सैल करताना हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हाही नागरिकाचा हक्क असल्याचं म्हटलं. माळढोक एका पारड्यात, हवामान दुसऱ्या. तिथंही ‘पडीक’ हाच शब्द होता. आपल्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, माळढोक मात्र आता जवळजवळ नाहीच.

पांढरा गट

मग पवनचक्की उभारण्याआधी हे कुणी तपासत नाही का? नाही. आणि हे कुणाच्या हलगर्जीने नव्हे, नियमानेच.

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेत कोणत्या प्रकल्पांना आधी मंजुरी लागते त्याची यादी आहे. पवनऊर्जा त्यात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा असे गट केले आहेत. २०१६ मध्ये त्यात चौथा आला: पांढरा. पवन आणि सौर वीज त्या पांढऱ्या गटात. संमतीचीही गरज नाही, कळवलं की पुरे. धुराड्यातून काय बाहेर पडतं हेच मोजायचं असेल तर हे बरोबरच आहे. पवनचक्कीला धुराडं नसतं. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी लागते. पण जमीन खासगी आणि पोटखराब असेल, तर वर नियम पांढरा आणि खाली सातबारा कोरा. मधल्या सरड्याला आणि झऱ्याला रकाना कुठं उरला?

माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांबद्दल लिहिलं तेव्हा मुख्य रोख पात्यांवर नव्हताच. तो रस्त्यांवर होता. अवजड क्रेन वर न्यायला डोंगर कापून केलेले रुंद रस्ते, तोडलेली झाडं, उतारावर लोटलेला राडारोडा आणि खालच्या शेतात वाहून आलेले दगड. चाळकेवाडीतही हे नीट दिसतं. दोन चक्क्यांना जोडणारा कच्चा रस्ता जांभ्याच्या झाकणाला छेद देत जातो. भाद्रपदात मी उभी होते तिथं रस्त्याच्या वरच्या अंगाला डबकं भरलेलं, वायतुरा फुललेला. खालच्या अंगाला त्याच उताराचा खळगा कोरडा. पाणी रस्त्याकडेच्या चरातून पळून गेलं होतं.

कोयनेचं जुनं येणं

वनकुसवड्याहून खाली पाहिलं की कोयनेचं खोरं दिसतं. या डोंगरांनी महाराष्ट्राला वीज दिली ती काही पवनचक्क्यांपासून नाही. कोयनेच्या वीजघरांची क्षमता १९६० मेगावॅट आहे, आणि पाण्याच्या विजेला तेव्हाही स्वच्छच म्हणत. त्या हिशेबात बुडालेल्या गावांचा रकाना होता, पण तो अपुरा भरला गेला. धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून कागद घेऊन फिरते. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा रकाना तर नव्हताच. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशय भरल्याने जमीन हलू शकते याचं उदाहरण म्हणून आज जगभरच्या पुस्तकांत कोयना शिकवतात.

आता वीज पुन्हा पाण्याकडे वळते आहे. वारा पावसाळ्यात, सूर्य दिवसा, आणि माणसाला वीज हवी संध्याकाळी. म्हणून ती साठवायला उदंचन प्रकल्प: वर एक तलाव, खाली एक, वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडायचं. भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प कधीपासून चालू आहे. आता सह्याद्रीत अशा अनेकांची आखणी झाली आहे, साताऱ्यातही. वरचा तलाव कुठं बांधणार? पठारावर. पोटखराबावर.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग कोळसाच बरा. तसं मला मुळीच म्हणायचं नाही. चंद्रपूरला ज्यांनी उन्हाळ्यात राखेची वावटळ अंगावर घेतली आहे त्यांना विचारा. आणि हवामानबदल हा या डोंगरांसाठी दूरचा विषय नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या. असा पाऊस वरचेवर येऊ द्यायचा नसेल तर कोळसा थांबवलाच पाहिजे, आणि वारा वापरलाच पाहिजे. म्हणून तर वाऱ्याचा हिशेब नीट मांडायचा. चांगल्या कामाचं बिल बघू नये, हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

जुने उतरणार

मेमध्ये खाली ठेवलेलं ते पातं मी हात लावून पाहिलं. काचतंतू आणि राळेचं, उन्हाने कडेला पापुद्रे सुटलेलं. लोखंडी मनोरा भंगारात जाईल, तांब्याला तर गिऱ्हाईक लगेच मिळतं. पातं मात्र वितळत नाही, कुजत नाही आणि कुणाला नको असतं.

या चक्क्यांचं वय झालं आहे. जुन्या काढून त्या जागी मोठ्या बसवण्याचं धोरण केंद्राने २०१६ मध्ये आणलं, २०२३ मध्ये सुधारलं. विचार बरोबर आहे: सगळ्यात उत्तम वाऱ्याच्या जागा सगळ्यात जुन्या यंत्रांनी अडवल्या आहेत. जिथं आज आठ-दहा बुटके पंखे आहेत तिथं एक तीन मेगावॅटचा पुरेल. पठाराचे कितीतरी चौथरे मोकळे होतील. पण नव्या यंत्राचं एकेक पातं साठ-सत्तर मीटर लांब असतं. ते ठोसेघरच्या वळणांवरून आणायचं तर वळणं कापावी लागणार, रस्ते रुंद होणार, क्रेनसाठी पठारावर सपाट जागा लागणार. म्हणजे पंखे कमी आणि जखमा मोठ्या, असंही होऊ शकतं. किंवा जुने चौथरे उखडून, नको असलेले रस्ते मोडून, चर बुजवून, घारींच्या कड्यावरचे पंखे आत सरकवून पठार थोडं भरूनही येऊ शकतं.

यातलं काय होईल ते कुणी आधी मोजतं का, यावर ठरेल. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा. पक्षी, सरडे, डबकी आणि कड्याखालचे झरे. पद्धत चाळकेवाडीतच सिद्ध झालेली आहे. कस्तुरीरंगन समितीनेही २०१३ मध्ये पश्चिम घाटातल्या पवनऊर्जेला आघात मूल्यमापनाच्या कक्षेत आणा असंच सुचवलं होतं. नव्या यंत्राच्या परवानगीआधी एवढी एक अट राज्य सरकारने साताऱ्यापुरती तरी घालावी, एवढंच या लेखाचं मागणं.

भाद्रपदात निघताना त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे पुन्हा गेले. जुना कागद आता कामाचा नाही, नातवाने मोबाईलवर नवा काढून दिलाय म्हणाला. नातवाने तो उघडून दाखवला. संगणकावरचा, डिजिटल सहीचा, स्वच्छ छापलेला सातबारा. पोटखराबाचा रकाना जिथल्या तिथं आहे, आणि त्यापुढचा आकारणीचा आकडा शून्य.